घड्याळ आणि क्रमांक

मार्च महिना उजाडला की आपल्या किनाऱ्यावर एकीकडे शिगम्याचे ढोल घुमू लागतात आणि दुसरीकडे परीक्षांच्या वेळापत्रकाने घराघरांतील वातावरण गंभीर होते. याच सुमारास अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची एक निराळीच परीक्षा भरते. बाहेर थंडी असते, म्हणून ती छपराखाली भरते. प्रश्न एकच असतो आणि उत्तरपत्रिका पायांनी लिहावयाची असते. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेची बंदिस्त मैदानावरील ही स्पर्धा 1965 साली डेट्रॉइट येथे पुरुषांसाठी सुरू झाली. स्त्रियांना तिचे दार 1983 साली उघडले. उड्या आणि फेकीचे प्रकार, झटपट संपणाऱ्या धावा हे सारे तेथे असतेच. परंतु जाणकारांची खरी चर्चा रंगते ती लांब पल्ल्याच्या शर्यतींवर. स्पर्धेच्या आठवडाभर आधीपासून आडाखे बांधले जातात, याद्या चाळल्या जातात, अमुकच जिंकणार असे छातीठोकपणे सांगितले जाते. आणि वर्षामागून वर्षे त्यांतील कित्येक आडाखे धुळीस मिळतात. ते का मिळतात, याचा विचार केवळ क्रीडाशौकिनांनीच करावा असे नाही.

प्रथम मैदानाची कल्पना यावयास हवी. उघड्यावरील धावपट्टीचा फेरा 400 मीटरांचा असतो. छपराखालील पट्टीचा 200 मीटरांचा. जागा अपुरी, म्हणून वळणे तीव्र. आणि वेगात धावणारा बाहेर फेकला जाऊ नये म्हणून वळणांवर पट्टी बाहेरच्या अंगाने उचललेली. मैलाच्या शर्यतीला अशा आठ फेऱ्या आणि वर थोडे अंतर, 3000 मीटरांना पंधरा, तर 5000 मीटरांना पंचवीस फेऱ्या घालाव्या लागतात. याखेरीज एक चौघांची मिश्र अंतराची शर्यत असते. पहिल्याने 1200 मीटर, दुसऱ्याने 400, तिसऱ्याने 800 आणि अखेरच्याने 1600 मीटर धावून दंडिका शेवटास न्यावयाची. पहिल्या आठ क्रमांकांना 10, 8, 6, 5, 4, 3, 2, 1 असे गुण मिळतात व त्यांच्या बेरजेवर विद्यापीठाचे विजेतेपद ठरते. वैयक्तिक शर्यतीत सोळा जणांना आणि मिश्र शर्यतीत बारा संघांना प्रवेश असतो. हा प्रवेश मिळतो तो केवळ घड्याळाच्या साक्षीने. हिवाळ्यात ज्यांनी सर्वांत कमी वेळ नोंदविला, ते आत, बाकीचे घरी.

येथेच आडाख्यांच्या चुकीचे मूळ आहे. या वेळा कशा नोंदविल्या जातात ते पाहा. फेब्रुवारीत चांगले धावपटू वेगवान म्हणून ख्याती असलेल्या मोजक्या पट्ट्यांकडे धाव घेतात. बॉस्टन विद्यापीठाची पट्टी ही त्यांतील अग्रणी. आपल्या गुलवीर सिंगने 2025 च्या फेब्रुवारीत याच पट्टीवर 5000 मीटर 12 मिनिटे 59.77 सेकंदांत पार केले आणि तेरा मिनिटांच्या आत हे अंतर कापणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळविला. अशा शर्यतींत पुढे एक वाटाड्या धावपटू ठेवलेला असतो. तो ठरलेल्या गतीने ओढून नेतो आणि काम झाले की बाजूला होतो. मागचे सारे एका दोरीत ओवल्यासारखे त्याच्या पाठीमागून धावतात. कोणी कोणाला अडवीत नाही, कारण सर्वांचा शत्रू एकच, तो म्हणजे घड्याळ. त्यातही उंच पठारावर विरळ हवेत नोंदविलेल्या वेळा आणि सपाट वळणांच्या पट्टीवरील वेळा यांना हिशेबाने सूट देऊन यादी दुरुस्त केली जाते. एवढ्या काटेकोरपणे तयार झालेली यादी प्रमाण मानावी असे कोणाला वाटले तर नवल नाही.

पण अंतिम शर्यतीची शिटी होताच ही सारी व्यवस्था विरून जाते. वाटाड्या नसतो. पुढे जाऊन वेग धरणारा सर्वांसाठी राबतो आणि अखेरीस मागून आलेल्यांच्या हाती विजय देऊन बसतो, हे प्रत्येकास ठाऊक असते. म्हणून कोणी पुढे होऊ इच्छीत नाही. दुसरीकडे, मागे राहणेही धोक्याचे. पट्टीची एक ओळ सुमारे एक मीटर रुंद. तेव्हा दुसऱ्या ओळीतून पूर्ण फेरी घालणाऱ्यास आतल्यापेक्षा सुमारे सहा मीटर अधिक धावावे लागते. तीव्र वळणावर कोणाला ओलांडणे म्हणजे हे कर्ज अंगावर घेणे होय. पुढे जावे तर राबणूक, मागे राहावे तर कोंडी, बाहेरून जावे तर अंतराचा भुर्दंड. या तिहेरी पेचात कोपर लागते, पाऊल अडखळते, आणि शर्यत मंदावत मंदावत अखेरच्या दोन-तीन फेऱ्यांत एकाएकी पेट घेते.

दाखले हवे असल्यास दूर जावयास नको. केनियात जन्मलेला एडवर्ड चेसेरेक हा ओरेगन विद्यापीठाचा धावपटू सतरा राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपदांचा धनी. 2017 च्या हिवाळ्यात त्याने मैल 3 मिनिटे 52.01 सेकंदांत कापला होता. त्याच मार्चमध्ये मैलाच्या अंतिम शर्यतीत त्याला हरविले ते न्यू मेक्सिको विद्यापीठात नुकत्याच दाखल झालेल्या जॉश कर या स्कॉटिश पोराने, आणि तेही चार मिनिटांहून अधिक वेळ घेऊन! 2022 साली तर स्पेनचा मारिओ गार्सिया रोमो मैल जिंकला तो चार मिनिटे सात सेकंदांत. ही वेळ घेऊन त्याला त्याच स्पर्धेत प्रवेशही मिळाला नसता. 2025 चा विजेता ईथन स्ट्रँड याने डिसेंबरात 3000 मीटरांचा 7 मिनिटे 30.15 सेकंदांचा महाविद्यालयीन विक्रम केला होता. मार्चमध्ये त्याच अंतराचे विजेतेपद मिळविताना त्याला वीस सेकंदांहून अधिक जास्त लागले. तो जिंकला, पण विक्रमाच्या बळावर नव्हे. अखेरच्या फेऱ्यांत त्याच्यापाशी वेग शिल्लक होता म्हणून.

याला अपवाद नाहीत असे नव्हे. 2024 साली बॉस्टन येथे फ्लॉरिडा विद्यापीठाच्या पार्कर व्हॅल्बी हिने 5000 मीटरांत कोणाची वाट न पाहता 14 मिनिटे 52.79 सेकंदांचा महाविद्यालयीन विक्रम करीतच विजय मिळविला आणि 3000 मीटरही जिंकले. इतरांपेक्षा एवढे सामर्थ्य अंगी असेल तर डावपेचांची गरज उरत नाही. परंतु असे सामर्थ्य क्वचितच जन्मास येते, आणि आडाखे बांधणारे मात्र यादीतील प्रत्येक पहिल्या नावाला ते बहाल करून मोकळे होतात.

या शर्यतींत याहून गहन असा आणखी एक प्रश्न दडलेला असतो. दोन दिवसांच्या या स्पर्धेत एकच धावपटू दोन, प्रसंगी तीन शर्यतींत उतरू शकतो. विद्यापीठाला गुण हवे असतात. धावपटूला स्वतःचे विजेतेपद. दोन्ही एकाच वेळी साधतातच असे नाही. 2021 च्या फेब्रुवारीत शिकागो येथे ओरेगनच्या कूपर टियर आणि कोल हॉकर या दोघा सहाध्यायांनी एकाच शर्यतीत मैल अनुक्रमे 3 मिनिटे 50.39 आणि 3 मिनिटे 50.55 सेकंदांत कापला. टियरचा तो महाविद्यालयीन विक्रम होता. महिनाभराने फेएटव्हिल येथे राष्ट्रीय स्पर्धा भरली तेव्हा विक्रमवीर मैलात उतरलाच नाही! त्याला मिश्र शर्यतीची अखेरची 1600 मीटर देण्यात आली. ती त्याने संघाला जिंकून दिली. मैलाचे विजेतेपद 3 मिनिटे 53.71 सेकंदांत हॉकरने घेतले. नंतर 3000 मीटरांत दोघेही उतरले. हॉकरच्या पायांत त्याच दिवशीचा मैल होता, टियरच्या पायांत आधीची मिश्र शर्यत. हॉकर 7 मिनिटे 46.15 सेकंदांत पहिला आला आणि टियर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी अंतराने दुसरा. एका शर्यतीत विद्यापीठाच्या पदरी अठरा गुण पडले आणि पुरुषांचे सांघिक विजेतेपदही ओरेगनकडे गेले. हिशेब बिनचूक ठरला. पण ज्याच्या नावावर मैलाचा विक्रम होता, त्याच्या नावापुढे त्या वर्षीचे मैलाचे विजेतेपद कोठेही लिहिलेले नाही. त्याने ते कोणाकडून हरले नाही. त्याने ते संघासाठी बाजूला ठेवले. कोणतीही यादी हा त्याग आधी सांगू शकत नव्हती, आणि कोणतेही घड्याळ तो मोजू शकत नव्हते.

एकविशी-बाविशीच्या विद्यार्थ्याच्या शरीरावर एवढा भार टाकावा काय, हा प्रश्न रास्त आहे. चेसेरेकने 2016 साली दोन दिवसांत 5000, मिश्र शर्यत आणि 3000 अशी तीन विजेतेपदे खेचून आणली. 2024 साली नॉर्दर्न ॲरिझोनाच्या निको यंगने 5000 व 3000 दोन्ही जिंकले. या कहाण्या सांगितल्या जातात, कारण त्या यशस्वी झाल्या. पहिल्या दिवशी दमून दुसऱ्या दिवशी नवव्या क्रमांकावर फेकल्या गेलेल्यांची कहाणी कोणी सांगत नाही. नवव्यास गुणही नसतो. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला मार्गदर्शकाच्या शब्दापुढे नाही म्हणणे किती कठीण जात असेल, याची कल्पना आपल्याकडील कोणत्याही विद्यार्थ्यास सहज येईल. म्हणूनच, जो मार्गदर्शक गुणांच्या बेरजेआधी मुलाच्या पायांकडे पाहतो, तोच खरा गुरू म्हणावयास हवा.

तेव्हा या शर्यतींकडे पाहणाऱ्याने यादीतील पहिले नाव हेरण्यापेक्षा वेगळ्या गोष्टी विचाराव्यात. हा धावपटू काल धावला आहे काय, आणि किती? संथ शर्यतीत अखेरचे 400 मीटर त्याने यापूर्वी कसे काढले? तीन फेऱ्या उरल्या असताना तो आतल्या ओळीत कोंडला गेला आहे, की पहिल्या दोघा-तिघांच्या खांद्याशी आहे? त्याचे सोबती शर्यतीत किती, आणि ते त्याच्यासाठी वेग धरतील काय? या चार प्रश्नांची उत्तरे हिवाळ्यातील सर्वोत्तम वेळेपेक्षा अधिक खरे बोलतात.

आणि हे शिक्षण पुढे कामास येते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरांच्या अंतिम शर्यतीत सर्वांत सरस वेळ नावावर असलेला, गतविजेता नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्ट्सन वेग धरून पुढे धावत राहिला आणि चौथा आला. पहिला आला हॉकर, 3 मिनिटे 27.65 सेकंदांत, दुसरा कर, तिसरा नोत्र दाम विद्यापीठातून बाहेर पडलेला यारेड नुगुसे. तिन्ही पदके अमेरिकन महाविद्यालयांच्या धावपट्ट्यांवर वाढलेल्या पोरांनी नेली. दाटीत वाट काढणे, वाट पाहणे आणि नेमक्या क्षणी सर्वस्व झोकून देणे ही विद्या त्यांनी विद्यार्थिदशेतच आत्मसात केली होती.

बीडच्या मातीतून वर आलेल्या अविनाश साबळेची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहेच. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने 8 मिनिटे 11.20 सेकंदांचा त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तरीही केनियाच्या किबिवोटने त्याला सेकंदाच्या पाच शतांशांनी मागे टाकले. साबळे घडला तो महाविद्यालयात नव्हे, सैन्यात, गुलवीरही सैन्यातलाच. आपल्या महाविद्यालयांतून असे धावपटू का निघत नाहीत? 2023 साली गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, बांबोळीच्या मैदानावर देशभरातले धावपटू धावले. मैदान आहे; परंतु वर्षातून एकदोनदा भरणाऱ्या स्पर्धेत धावून घरी जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यास दाटीतून वाट काढण्याची सवय कोठून लागणार? त्याला पंधरवड्याला एक शर्यत मिळाली, हरण्याची मोकळीक मिळाली, तर वेळ आपोआप सुधारेल.

घड्याळ माणसाला आरंभरेषेवर उभे राहण्याचा हक्क देते, एवढेच त्याचे काम. पुढची वाट ज्याची त्यानेच काढावयाची असते. येत्या मार्चमध्ये त्या छपराखाली शिटी होईल, तेव्हा यादीतील पहिल्या नावाइतकेच सोळाव्या नावाकडेही आमचे लक्ष राहील.