‘नको’ म्हणायचा सराव

तिसरीच्या वर्गात फळ्यावर मुलाची साधी आकृती काढली आणि चड्डी-बनियनने झाकला जाणारा भाग रंगवला, की मागच्या बाकांवर हसू फुटतं. ते हसू मी दाबत नाही. आंघोळ घालताना आई, आई-बाबा शेजारी असताना डॉक्टर. बाकी कुणी तिथे हात लावायचा नाही. कुणी लावलाच, किंवा मोबाइलवर तसलं काही दाखवलं, तर ‘नको’ म्हणायचं, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. अर्ध्या तासिकेत हे पाढ्यासारखं पाठ होतं.

खरं काम पुढेच आहे. समोरच्या मुलीला विचारते, “तुझा गालगुच्चा घेऊ?” तिचा खांदा कानापर्यंत वर जातो, तरी ती म्हणते, “घ्या ना बाई.”

“तुला आवडतं का?”

मान नकारार्थी हलते. “मग काय म्हणायचं?”

“नको,” ती जमिनीकडे बघत म्हणते. मी हात मागे घेते आणि सगळ्या वर्गाला तो मागे घेतलेला दिसेल असं बघते.

वर्षभर आपण मुलांना काय शिकवतो? मोठ्यांचं ऐकायचं, पाहुण्यांच्या पाया पडायचं, मामाला पापी द्यायची. आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या नोंदल्या जाणाऱ्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो. म्हणजे ज्यांचं ऐकायला शिकवलं, त्यांनाच नाही म्हणायची वेळ येते. वर्षातून एकदा घेतलेल्या तासाने ते बळ येत नाही. म्हणून सकाळी दारात प्रत्येकाला विचारते: नमस्कार, टाळी की हात मिळवायचा? काही मुलं नुसतीच आत जातात, तेही चालतं. छडीचा प्रश्नही इथलाच आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेला बंदी आहे. शाळेतच अंगावर हात पडत असेल, तर ‘तुझं शरीर तुझं’ हे मुलांना पटणार कसं?

मग वहीत पंजा काढून प्रत्येक बोटावर विश्वासाच्या माणसाचं नाव लिहायचं. एका मुलाने आई, आजी, बाई एवढं लिहिलं आणि पेन्सिल थांबली. करंगळीवर 1098 लिहायला सांगितलं. मुलांसाठीचा हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक 1996 मध्ये मुंबईत सुरू झाला. “उचलतील का?” त्याने विचारलं. उरलेल्या बोटाला मी घाई केली नाही.

असा काही अनुभव सांगताना “बाई, कुणाला सांगू नका हं,” असं मूल म्हणालं, तर तसा शब्द द्यायचा नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही, पण तुला जपायला मला काही जणांना सांगावं लागेल,’ एवढं बोलायचं. खोदून विचारायचं नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा, 2012 प्रमाणे असा गुन्हा पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेच्या अब्रूसाठी घरातल्या घरात मिटवणं हा गुन्हा आहे.

तोंडाने सांगता येत नाही त्यांच्यासाठी शाळेत तक्रारपेटी असते, पण ती बहुधा कार्यालयाबाहेर, उंचावर असते. तिथे चिठ्ठी टाकायला कोण जाणार? आमची पेटी पाण्याच्या नळाजवळ, पहिलीतल्या मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर आहे. चिठ्ठ्या येतात त्या चेंडू हिसकावल्याच्या, खिचडी तिखट असल्याच्या. लहान तक्रारीचं काय होतं ते बघूनच मूल मोठी सांगायची की नाही ते ठरवतं. म्हणून चेंडूच्या चिठ्ठीवरही त्याच आठवड्यात निर्णय होतो आणि तो वर्गात सांगितला जातो.