३० दिवसांची मुदत

उष्णतेने निकामी झालेली वस्तू पुन्हा कडक तापवली असता चालू होते, आणि ही दुरुस्ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भरदिवसा, दर ठरवून, मुदतीची हमी देऊन विकली जाते, असे एका परिचिताने बोलता बोलता सांगितले, तेव्हापासून त्यातील विपरीतपणा मनातून जाईना. ज्या तापाने रोग जडला त्याच तापाने तो बरा होत असेल तर कोणत्या नियमाने होतो, आणि होत नसेल तर इतकी माणसे पैसे कशाबद्दल मोजतात, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून चैन पडणार नव्हते. म्हणून ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेकडील त्या गजबजलेल्या रस्त्यावर, एका जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यात लॅपटॉपचे मदरबोर्ड दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या मेजाशेजारी, त्यांच्या परवानगीने, जाऊन बसलो.

जिना चढतानाच राळेचा वास येतो. डाख नीट धरावा म्हणून धातूवर जो चिकट फ्लक्स लावतात त्यात राळ असते. ती तापली की तिचा निळसर धूर उठतो, आणि तो वास त्या खोलीच्या भिंतींत, पडद्यांत, त्या कारागिराच्या सदऱ्यात इतका मुरलेला आहे की घरी परतल्यावरही तो माझ्या कपड्यांतून येत राहिला. आसपासचे सारे दुकानदार त्यांना मामाच म्हणतात. पन्नाशी उलटलेली, आवाज हळू. टेलिव्हिजनच्या दुरुस्तीपासून त्यांनी सुरुवात केली, आणि आता कपाळावर भिंग चढवून ते तांदळाच्या कणीहूनही बारीक अशा भागांवर काम करतात. पहिल्याच भेटीत त्यांनी एक आकडा माझ्यापुढे ठेवला.

“साहेब, हीट मारलेल्या चिपला ३० दिवस. एकतिसाव्या दिवशी गिऱ्हाईक आलं की त्याला सांगायचं, ग्यारंटी संपली. याच्यावर दुकानं चालतात.”

त्यांचे स्वतःचे दुकान त्यावर चालत नाही, हे मला पुढे कळत गेले.

त्या दुपारी लालबागहून एक गृहस्थ आले होते. लग्नपत्रिका आणि मंडळांचे अहवाल जुळवण्याचा त्यांचा व्यवसाय. त्यांचा सारा संग्रह जुन्या मराठी टंकांत, त्या टंकांचे सॉफ्टवेअर डोंगल लावल्यावाचून उघडत नाही, आणि ते चालते ते या एकाच, दहा वर्षांपलीकडच्या लॅपटॉपवर. नवा घ्या असा सल्ला त्यांना प्रत्येकाने दिला होता. पण नव्या यंत्राबरोबर वीस वर्षांचा मजकूर पुन्हा टाइप करून मिळत नाही. यंत्र तापते, चित्रांचे काम उघडले की रंगीत चौकटी उमटतात आणि मग सगळे थिजते, अशी त्यांची कैफियत होती. दुसऱ्या एका दुकानात पूर्वी एकदा चिप भाजून घेतली होती. किती टिकली, असे मामांनी विचारले. “महिना, सव्वा महिना,” ते म्हणाले. मामांनी माझ्याकडे नुसते पाहिले.

स्क्रू काढून ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने लोहचुंबकाच्या पट्टीवर मांडले गेले, बॅटरी सुटली, कीबोर्ड उचलला गेला. पंखा बाहेर आला तेव्हा मात्र आम्ही तिघेही त्याच्याकडे पाहत राहिलो. पंख्याची पाती बरी होती. पण पाती आणि तांब्याच्या पातळ पडद्यांची जाळी यांच्यामध्ये, जिथून सारी गरम हवा बाहेर पडायची त्या अरुंद फटीत, कापसाचे तंतू, केस आणि शहराची काळी धूळ मिळून घोंगडीच्या तुकड्यासारखा जाड थर बसला होता, आणि तो चिमट्याने धरून ओढताच अख्खाच्या अख्खा निघून आला. चिपेवरून जाळीपर्यंत तांब्याची जी चपटी नळी जाते तिच्यात अल्पसा द्रव असतो; चिपेच्या उष्णतेने त्याची वाफ होते, ती जाळीपाशी जाऊन थंड होते, आणि द्रव नळीच्या आतील अस्तरातून पुन्हा परत येतो. अशी ही सुंदर योजना एका घोंगडीच्या तुकड्यापुढे वर्षानुवर्षे हतबल होऊन पडली होती. चिपेवरची पेस्ट वाळून भेगाळली होती. मामांनी ती अल्कोहोलने पुसली, नवी लावली, आणि बाजूच्या मेमरीवरील मऊ पट्ट्या जाडी मोजूनच बदलल्या. कारण पट्टी अर्ध्या मिलीमीटरने जाड पडली तर तांब्याचा पत्रा चिपेवर टेकतच नाही, आणि नव्या पेस्टीसकट यंत्र पहिल्यापेक्षा अधिक तापते.

सफाईपूर्वी कामाच्या भारात ९६ अंश दाखवणारा तापमानाचा आकडा आता ७४ वर स्थिरावला. गृहस्थांचा चेहरा उजळला. परंतु त्यांनी चित्राचे काम उघडले आणि रंगीत चौकटी पुन्हा उमटल्या.

“बघा, चौकटी फक्त त्या एका खिडकीत आहेत,” मामा म्हणाले. “बाकी पडदा स्वच्छ. म्हणजे पडदा चांगला, वायर चांगली, प्रोसेसरमधलं ग्राफिकही चांगलं. वेगळी चिप आहे ना, ती गेली.”

गेली म्हणजे काय झाले, हे समजावण्यासाठी त्यांनी भंगाराच्या खोक्यातून एक मृत बोर्ड काढला. ग्राफिक चिप म्हणून आपण जो चौकोन पाहतो त्यात वस्तुतः दोन मजले असतात: वर सिलिकॉनची काचेसारखी चकाकती वडी, खाली तिला पेलणारी राळमिश्रित पाटी. या दोहोंना शेकडो सूक्ष्म धातुबिंदूंनी जोडलेले असते, आणि मग ती पाटी मोठ्या गोळ्यांनी मदरबोर्डला जोडलेली असते. तापल्यावर पाटी सिलिकॉनच्या कित्येक पट अधिक प्रसरण पावते. यंत्र सुरू झाले की ताण, बंद झाले की उलटा ताण. असे हजारो वेळा होता होता आतला एखादा बिंदू तडकतो. बिंदूंच्या भोवती भरलेला चिकट पदार्थ हा ताण वाटून घेण्यासाठीच असतो, आणि तोच कच्चा निघाला तर यंत्राचे आयुष्य ठरूनच जाते. २ जुलै २००८ रोजी एनव्हिडिया कंपनीने जाहीर कबुली दिली की तिच्या आधीच्या पिढीतील काही लॅपटॉप-चिपांत चिपेचे व आवरणाचे साहित्य कमकुवत ठरले आहे, आणि त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद तिने केली. मामांना ही तारीख ठाऊक नव्हती. पण त्या दोन-तीन वर्षांतील बोर्ड किती आले ते त्यांना चांगले आठवत होते.

आता भाजण्याचा प्रकार. लोकांची समजूत अशी, की चिपेखालचे मोठे गोळे सुटतात आणि तापवले की ते वितळून पुन्हा चिकटतात. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आल्यानंतर बिनशिशाचा डाख सर्वत्र रूढ झाला, तो अधिक ठिसूळ, म्हणून दोष त्याचाच, असेही पुष्कळजण सांगत. हा डाख २१७ अंशांच्या आसपास वितळू लागतो. मामांनी त्या मृत बोर्डाला तापमापकाची तार लावली, गरम हवेचा झोत हळूहळू चिपेवर फिरवला, राळेचा धूर उठला, आणि १६० अंशांवर त्यांनी झोत बंद केला. बोर्ड निवल्यावर वीज दिली. पडदा उजळला!

“२१७ ला डाख वितळतो, आणि हा १६० लाच उठला,” ते म्हणाले. “मग चिकटलं काय?”

काहीच चिकटले नव्हते. उष्णतेने आतला चिकट पदार्थ सैल झाला, पाटी किंचित हलली, तडकलेल्या बिंदूचे दोन काठ एकमेकांना टेकले, एवढेच. तड होती तिथेच होती. काहीजण संबंध मदरबोर्ड घरच्या ओव्हनमध्ये भाजतात, ज्या ओव्हनमध्ये उद्या मुलांचे अन्न शिजायचे त्यात हा रासायनिक धूर भरतात, आणि यंत्र चालू झाले म्हणून समाधान मानतात. खालचे गोळे काढून नवे बसवण्याचे, ज्याला रीबॉलिंग म्हणतात ते काम खरोखर कौशल्याचे आहे, आणि बोर्ड पडून जोड निखळले असतील तर तोच योग्य इलाज. पण रोग वरच्या मजल्यावर असताना खालचा मजला नव्याने बांधून उपयोग नाही. उजळलेला तो पडदा दुपारभर आम्ही चालू-बंद करत राहिलो. संध्याकाळच्या आत तो काळा पडला, आणि पुन्हा उठला नाही. ३० दिवसही नाहीत.

हमी देणाऱ्यास हे ठाऊक असते, म्हणूनच मुदत ३० दिवसांची असते. या व्यवहाराला दुरुस्ती म्हणणे मला कबूल नाही. तरीही सारा दोष त्या लहान दुकानदारांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. जुन्या चिपांचे उत्पादन थांबलेले असते. बाजारात नव्या म्हणून मिळणाऱ्या पुष्कळशा चिपा भंगारातून उपटून, घासून, नवे गोळे लावून आलेल्या असतात. आणि बोर्डांचे नकाशे उत्पादक खुलेपणाने देत नसल्यामुळे मामांसारख्या माणसाला ते हातोहाती मिळवावे लागतात. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र ज्या यंत्रांची हमी सरून एक तप लोटले त्यांचे नकाशे आणि सुटे भाग या मेजापर्यंत पोचतील, तेव्हाच तो हक्क इथल्या कारागिराच्या हाती आला असे म्हणता येईल.

लालबागच्या गृहस्थांचे काम मात्र निभावले. मामांनी बायोसमध्ये जाऊन ती वेगळी चिप कायमची बंद केली. त्या जातीच्या लॅपटॉपात ती सोय होती, सर्वांत नसते. उरले ते प्रोसेसरमधले साधे ग्राफिक, आणि अक्षरे जुळवण्यास त्याहून अधिक लागत नाही. डोंगल लावले, एक जुनी पत्रिका उघडली, कुठेही चौकट उमटली नाही. बिलात त्यांनी सफाई, पेस्ट आणि पट्ट्या एवढेच लावले, आणि दर उन्हाळ्याच्या आधी पंखा साफ करून न्यायला सांगितले.

“मामा, मुलगा लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो म्हणतोय. याच्यावर होईल ना?” गृहस्थांनी पिशवी उचलता उचलता विचारले.

“नाही होणार,” मामा म्हणाले. “त्याला दुसरा घ्या. यावर फक्त पत्रिका.”