दहा रुपयांच्या थाळीत काय?

महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन योजना सुरू झाली. तिचा मूळ आराखडा असा :

● थाळी : ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भाताची मूद.

● दर : जेवणाऱ्याला १० रुपये. केंद्रचालकाला थाळीमागे शहरात ५०, ग्रामीण भागात ३५ रुपये. फरकाची रक्कम सरकारी अनुदान.

● वेळ : दुपारी १२ ते २.

● जागा : जिल्हा रुग्णालय, बसस्थानक, रेल्वे स्टेशन, बाजारपेठ. म्हणजे रुग्णाचे नातेवाईक आणि हातावर पोट असलेले मजूर जिथे असतात तिथेच.

● कोरोनाकाळ : दर ५ रुपयांवर, एप्रिल २०२१ पासून काही काळ मोफत.

● उणीव : कोशिंबीर, फळ, दही यांना या मापात जागा नाही. भूक भागते, पोषणाचं ताट अजून अर्धंच वाढलेलं आहे.