विश्लेषण : संघनिवडीच्या वादातून कर्णधारपद सोडणारे पॉली उम्रीगर निवड समितीचे अध्यक्ष कसे झाले?

‘बीसीसीआय’ वर्षातील सर्वोत्तम भारतीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला पॉली उम्रीगर पुरस्कार देते. हे उम्रीगर सोलापुरात वाढले. शाळकरी वयात त्यांचे कुटुंब मुंबईला गेले.

खेळाडू म्हणून कामगिरी काय?
१९४८ ते १९६२ या काळात ५९ कसोटींत १२ शतकांसह ३,६३१ धावा. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध केलेल्या २२३ धावा हे कसोटीतील पहिले भारतीय द्विशतक. निवृत्त झाले तेव्हा भारतातर्फे सर्वाधिक कसोटी, धावा आणि शतके त्यांच्याच नावावर होती.

वाद काय होता?
जानेवारी १९५९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या मद्रास कसोटीत कोणाला खेळवायचे, यावरून मंडळाच्या अध्यक्षांशी त्यांचे मतभेद झाले. सामन्याच्या तोंडावर त्यांनी कर्णधारपद सोडले. मात्र खेळाडू म्हणून ते मैदानात उतरले.

निवृत्तीनंतर काय केले?
तेव्हा संघाला आजच्यासारखा पूर्णवेळ प्रशिक्षक नसे. दौऱ्यांवर सारा भार व्यवस्थापकावर असे. सत्तरच्या दशकात उम्रीगर यांनी ती जबाबदारी पेलली. १९७८ ते १९८२ दरम्यान ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. ज्या प्रश्नावर पद सोडले, त्याचाच निर्णय आता त्यांच्या हाती होता. वानखेडेची खेळपट्टीही त्यांनी सांभाळली आणि क्रिकेट प्रशिक्षणावर पुस्तक लिहिले.

महत्त्व काय?
७ नोव्हेंबर २००६ रोजी त्यांचे निधन झाले. कसोटी कारकीर्द १४ वर्षांची. क्रिकेटची सेवा मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे सुरू राहिली.