ध्वनिक्षेपक, गृहोपयोगी : कर्णायुक्त व प्रत्यक्ष
विद्युत् संकेतांचे ध्वनितरंगांत रूपांतर करणाऱ्या साधनास ध्वनिक्षेपक म्हणतात. घरातील संगीतश्रवणासाठी वापरण्यात येणाऱ्या उच्च दर्जाच्या ध्वनिक्षेपकांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. ज्यात कंप पावणारा पडदा खोलीतील हवेस सरळ ढकलतो तो प्रत्यक्ष प्रकार व ज्यात पडद्यापुढे क्रमाने रुंदावत जाणारा कर्णा जोडलेला असतो तो कर्णायुक्त प्रकार होय. देगलूर, उदगीर या भागांत जत्रा व हरिनाम सप्ताह यांच्या वेळी दिसणारा धातूचा भोंगा दुसऱ्या प्रकारातीलच आहे. मात्र शब्द दूरवर पोहोचविणे एवढाच त्याचा हेतू असल्याने त्यात खर्जातील स्वर जवळजवळ नसतात. त्यावरून घरगुती कर्ण्याची पारख करणे योग्य ठरत नाही.

तत्त्व : हवेच्या मानाने पडदा जड असतो. त्यामुळे प्रत्यक्ष प्रकारात दिलेल्या विद्युत् शक्तीपैकी साधारणपणे एक टक्का किंवा त्याहूनही कमी भागाचा ध्वनी होतो व उरलेल्या भागाची उष्णता होते. कर्ण्याच्या अरुंद कंठातील हवा पडद्यास पुरेसा विरोध करते आणि ती शक्ती रुंद मुखातून खोलीत सोडली जाते; त्यामुळे कार्यक्षमता अनेक पटींनी वाढते. पडद्याची हालचालही कमी लागत असल्याने ध्वनीतील विकृती घटते.

इतिहास : पीटर जेन्सन व एडविन प्रिडॅम यांनी १९१५ मध्ये अमेरिकेत कर्णायुक्त ध्वनिक्षेपकाचे जाहीर प्रात्यक्षिक केले. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये शंकूच्या आकाराच्या पडद्याचा प्रत्यक्ष प्रकार मांडला. निर्वात नलिकांचे विवर्धक अल्प शक्तीचे असेपर्यंत कर्ण्याला महत्त्व होते. एडगर व्हिल्चर यांची हवाबंद लहान पेटी १९५४ मध्ये आली. पुढे ट्रँझिस्टरमुळे विद्युत् शक्ती स्वस्त झाली व अशा पेट्या घरोघर रूढ झाल्या.

तुलना : १ वाट शक्तीवर १ मी. अंतरावर एक प्रत्यक्ष ध्वनिक्षेपक ८६ डेसिबेल व एक कर्णायुक्त १०४ डेसिबेल पातळीचा ध्वनी देतो असे मानल्यास, १०४ डेसिबेलसाठी पहिल्यास सु. ६३ वाट शक्ती लागेल. देगलूरकर परंपरेतील चक्री भजनात मृदंगाची थाप सरासरी पातळीपेक्षा २० डेसिबेलनी वर गेली, तर त्या क्षणी १०० पट शक्ती लागते. अशी थाप न दबता ऐकू येणे हा कर्ण्याचा मोठा गुण आहे.

त्याची मर्यादा आकाराची आहे. मोकळ्या जागेत ५० हर्ट्‌झपर्यंतच्या स्वरांसाठी मुखाचा परीघ सु. ६.९ मी., म्हणजे व्यास सु. २.२ मी. असावा लागतो. कर्णा कोपऱ्यात ठेवल्यास भिंती व जमीन यांची मदत होऊन मुखाचे क्षेत्रफळ एकअष्टमांश पुरते. पॉल क्लिप्श यांचा घडीचा कोपरा-कर्णा याच तत्त्वावर आधारित आहे. कर्णा आखूड पडल्यास मुखापाशी होणाऱ्या परावर्तनामुळे आवाजात कृत्रिम रंग येतो.

निवड : दोन मोकळे कोपरे व श्रोत्यास निदान तीन मीटर दूर बसता येईल एवढी खोली असल्यास कर्णायुक्त प्रकार शोभतो, त्याला थोड्या वाटांचा विवर्धक पुरतो. कर्ण्याचा ध्वनी विशिष्ट दिशेने जात असल्याने भिंतींवरील परावर्तने कमी होतात, पण ऐकण्याची योग्य जागाही मर्यादित राहते. लहान खोलीत किंवा मंद आवाजात ऐकणाऱ्यास प्रत्यक्ष प्रकार सोयीचा असून त्याला जागा कमी लागते. खोलीचा दोष मात्र दोघांनाही सारखाच भोवतो : समोरासमोरच्या कठीण भिंतींत ४ मी. अंतर असल्यास ४३ हर्ट्‌झच्या सुमारास अनुनाद होऊन खर्ज घुमतो. सिमेंटच्या नव्या घरांत गालिचे, पडदे व पुस्तकांची कपाटे यांमुळे वरच्या पट्टीतील परावर्तने कमी होतात; खर्जावर त्यांचा परिणाम अल्प होतो. म्हणून मोठा खर्च करण्यापूर्वी ध्वनिक्षेपक स्वतःच्याच खोलीत, परिचित ध्वनिमुद्रण लावून व नेहमीच्या पातळीवर ऐकून पाहणे इष्ट असते.