मूळकूज : कुंडीतील झाडांचा छुपा शत्रू

पावसाळ्यात बाल्कनीतील तुळस किंवा जास्वंद एकाएकी मलूल होते, पाने पिवळी पडून गळू लागतात. पाणी कमी पडले असावे, अशा समजुतीने आपण आणखी तांब्याभर पाणी घालतो आणि काही दिवसांतच झाड दगावते. माती ओली असूनही झाड कोमेजत असेल, तर ते बहुधा मूळकुजीचे लक्षण असते.

मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या, की प्राणवायूचा पुरवठा खुंटतो. कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे १० हजार पट मंद गतीने पसरतो. गुदमरलेल्या मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे बुरशीसदृश सूक्ष्मजीव हल्ला करतात. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात, त्यामुळे साचलेले पाणी त्यांच्या पथ्यावरच पडते. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत आणि ओल्या मातीतले झाडही तहानलेलेच राहते.

शंका आल्यास रोप मातीच्या गोळ्यासह अलगद बाहेर काढून पाहावे. निरोगी मुळे पांढरट व टणक असतात. कुजलेली मुळे तपकिरी, मऊ असतात आणि ओढल्यास त्यांची साल निघून दोऱ्यासारखा गाभा तेवढा हाती राहतो. अशी मुळे स्वच्छ कात्रीने कापून रोप नव्या, भुसभुशीत मातीत लावावे. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये, अन्यथा रोग तेथेही पोहोचतो. बहुतेक मुळे कुजली असतील, तर मनीप्लांट किंवा जास्वंदीची निरोगी फांदी छाटून नवे रोप तयार करणेच श्रेयस्कर. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मातीत मिसळल्यास रोगाला आळा बसण्यास मदत होते. मात्र कुजलेले मूळ ती पुन्हा जिवंत करू शकत नाही.

कुंडीच्या तळाला छिद्र हवेच आणि खालच्या ताटलीत साचलेले पाणी लगेच ओतून द्यावे. तळाशी खडे घातल्याने निचरा सुधारतो, हा गैरसमज आहे. पाणी खड्यांच्या वरच्या मातीतच अडून राहते. त्यापेक्षा मातीत जाडसर वाळू मिसळावी. कोरफड, स्नेक प्लांट यांची माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. इतर झाडांसाठी बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. ओल लागली, तर त्या दिवशी पाणी न घालणेच हिताचे.