श्रीस्थानकापासून कल्याणबंदरापर्यंत

तीस वर्षें मीं शाळेंत मुलांना इतिहास शिकविला. २४ ऑक्टोबर १६५७ रोजीं शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली व पुढें कल्याणच्या खाडींत गलबतें बांधविलीं, हें वाक्य फळ्यावर किती वेळां लिहिलें त्याची गणती नाहीं. यंदा नातवानें विचारलें, "आजोबा, एवढीं जड गलबतें पाण्यांत लोटीत तरी कशीं?" मला सांगतां येईना. डोंबिवलीस जन्म काढला, पण दुर्गाडीखालच्या पाण्यापर्यंत मी कधीं उतरलोंच नव्हतों! मनांतल्या मनांत शरमलों आणि दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशीं पहांटेसच त्यास घेऊन निघालों.

आरंभ ठाण्यापासून केला. उत्तर कोंकणच्या शिलाहारांचें हें प्रमुख नगर; तेव्हांचें नांव श्रीस्थानक. येथील किल्ल्यांत १७८७ सालीं पाया खणतांना अरिकेसरी राजाचा शके ९३९ चा संस्कृत ताम्रपट निघाला. पोर्तुगीजांनीं बांधावयास घेतलेला हा किल्ला १७३७ त मराठ्यांकडे व १७७४ त इंग्रजांकडे गेला. आज तेथें कारागृह आहे. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तिघां तरुणांस १९ एप्रिल १९१० रोजीं तेथेंच फांशीं देण्यांत आलें. तटाशीं आम्ही थोडा वेळ नुसते उभे राहिलों.

पुढें कौपीनेश्वराचें दर्शन घेऊन मासुंदा तळ्याच्या कांठीं बसलों. ठाण्यांत एके काळीं साठांच्या आसपास तळीं होतीं. आतां पस्तिसांच्या घरांत उरलीं आहेत. उरलेल्यांचे सुशोभित कठडे पाहून आपण संतोष मानतों, बुजलेल्यांचीं नांवें मात्र कोणास आठवत नाहींत.

ठाण्याहून धीम्या गाडीनें कल्याण. मुंब्र्यास एका अंगास डोंगर व दुसऱ्या अंगास खाडी. १६ एप्रिल १८५३ रोजीं आगगाडी ठाण्यास आली, १ मे १८५४ रोजीं कल्याणास पोहोंचली, आणि हळूहळू आपण पाण्याकडे पाठ फिरविली. मीहि या वाटेनें चाळीस वर्षें वर्तमानपत्रांत डोकें घालूनच गेलों. वस्तुतः कल्याण हें दर्यावर्दी नगर. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत त्याचें नांव ‘कल्लिएना’ असें येतें. राज्य बदलल्यावर येथें चुकून आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जात, असें तो ग्रंथकार लिहितो. कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं दानें कान्हेरीच्या शिलालेखांत आहेत. हीच उल्हास नदी घोडबंदरावरून वसईच्या समुद्रास मिळते, तीच यांची वाट.

शेणाळें तळें धांवतेंच पाहिलें. नातवाचें लक्ष दुर्गाडीकडे लागलें होतें. देवीस नमस्कार करून खालीं उतरलों. ओहोटीचा चिखल, त्यांत निर्माल्याच्या पिशव्या; वर पुलावरून मोटारींचा अखंड घोष. मन विषण्ण झालें. कांठीं एक वृद्ध कोळी जाळें सांधीत बसला होता. त्याला नातवाचा प्रश्न सांगितला. तो हंसला.

"पुनवेच्या उधाणाला पानी पार हितवर येतं, बाबा. तारवाला लोटायला लागतच नाय, ते आपसूक तरंगतं. आज पाडवा. थांबा थोडं, दिसंल."

पाण्याच्या कडेला नातवानें एक काठी रोवली. आम्ही डबा सोडून बसलों. दुपार कलतां कलतां चिखल झांकला, पिशव्या दिसेनाशा झाल्या, पाणी काठीच्या टोंकाशीं आलें. ठरलेली गाडी आम्हीं चुकूं दिली.